गोल्डफिल्ड्सच्या खाणींवरच्या आपल्या मराठी मंडळींना: त्याच्याबद्दल बोला, प्लीज

नमस्कार मंडळी,

हे पत्र वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कालगुर्ली, लिओनोरा, लॅव्हर्टन, विलूना या सगळ्या पट्ट्यात सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या आपल्या मराठी लोकांसाठी आहे. जिऑलॉजिस्ट, माइन प्लॅनर, सर्व्हेअर, शिफ्ट सुपरवायझर, मेंटेनन्सवाले, सेफ्टीवाले, आणि हो, एचआरमध्ये आणि कॅम्पच्या ऑफिसात बसणारे पण. तुम्ही किती जण आहात ते बाहेरच्यांना कळत नाही, पण मला माहितीय, पर्थमध्ये गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या बायकांना विचारलं की निम्म्या जणी म्हणतात, तो साइटवर आहे. त्यातलीच मी एक होते.

माझा नवरा तिकडे साइटवर असताना वारला, त्याबद्दल कंपनीला इंग्रजीत लिहून झालंय. उत्तर आलं, अगदी सभ्य, पण असं की ते तीन-चार लोकांनी वाचून, त्यातलं काय काय काढून मग पाठवलंय हे कळत होतं. त्यांच्यावर राग काढायला हे लिहीत नाहीये आणि मला केस पण करायची नाहीये, हे आधीच सांगते म्हणजे कुणी दचकू नका. मला जे हवंय ते कंपनीच्या फाइलमध्ये नाहीच, ते तुमच्याकडे आहे, म्हणून मराठीत लिहितेय.

तो वारला कॅम्पवर, म्हणजे खाणीवरच्या लोकांच्या राहायच्या वसाहतीत. खाणीत नाही. अंडरग्राउंड जिऑलॉजिस्ट होता, वर्षानुवर्षं जमिनीखाली फिरला, जिथे छतातून दगड सुटू शकतो तिथे उभा राहून फेस मॅपिंग, म्हणजे नव्याने फोडलेल्या दगडाच्या भिंतीची नोंद, केलं, आणि गेला तो कॅम्पच्या डोंग्यात, म्हणजे राहायला दिलेल्या डब्यासारख्या खोलीत, एसी चालू, दार आतून बंद, बूट दाराबाहेर काढलेले. हार्ट. डे शिफ्ट संपवून संध्याकाळी कॅम्पवर आला आणि सकाळी प्री-स्टार्टला, म्हणजे शिफ्टच्या आधीच्या मीटिंगला, दिसला नाही. मधल्या वेळात कधीतरी.

हे "मधल्या वेळात कधीतरी" काय असतं ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. मृत्यूच्या दाखल्यावर तारखेच्या जागी या तारखेपासून त्या तारखेच्या दरम्यान असं लिहिलंय, कारण मध्यरात्रीच्या आधी की नंतर ते कुणी सांगू शकत नाही. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, फोनवर पहिल्यांदा रडल्या, दुसऱ्यांदा रडल्या आणि मग विचारलं, अगं पण तिथी कुठली धरायची? मी काय सांगणार. पर्थची वेळ भारताच्या अडीच तास पुढे, तो गेला तेव्हा इथे कुठली तारीख आणि तिथे कुठली, मी रात्री दोन वाजता कॅलेंडर घेऊन बसलेली, असं वाटत होतं हे एक गणित सुटलं की बाकीचं सुटेल. शेवटी गुरुजींनी मार्ग काढून दिला. तिथी ठरली, पण वेळ नाही ठरली.

तर माझं एवढंच म्हणणं आहे, त्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी त्याला बघितलं त्यांनी मला सांगावं. तो बसमध्ये कुठे बसला होता, मेसमध्ये जेवला का, ताटात काय घेतलं होतं, छातीला हात लावत होता का, गप्प होता की नेहमीसारखी बडबड चालली होती, फोनवर माझ्याशी बोलला त्यानंतर कुणाशी बोलला. मला नऊ मिनिटांचा कॉल दिसतोय फोनमध्ये, त्यात आम्ही गिझरवाल्याबद्दल बोललो. बाकी काही नाही. त्याला दमल्यासारखं वाटत होतं असं म्हणाला, पण आठ दिवस काम, सहा दिवस घरी अशा रोस्टरवर सातव्या दिवशी कोण नसतो दमलेला?

तुम्ही म्हणाल कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सगळं असतं. असतं की. इथे असा अचानक मृत्यू झाला की तो कॉरोनरकडे जातो, गावातले पोलीस येऊन खोली बघतात, जबाब घेतात, बॉडी पर्थला आणतात, पोस्टमॉर्टेम होतं. त्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यांच्या काऊन्सेलिंगवाल्या बाईंनी जेवढं नीट समजावून सांगितलं तेवढं कुणीच सांगितलं नाही. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे हो. त्यांना मृत्यूचं कारण पाहिजे. ते मिळालं, नैसर्गिक, विषय संपला. जेवला का हे त्यांनी कशाला शोधायचं?

आता एक गोष्ट जी मला त्यानेच शिकवली आणि आता तीच डोक्यात फिरत राहते. अंडरग्राउंड खाणीत टॅग बोर्ड असतो, तुम्हाला माहितीय, पण आपल्या बाकीच्या वाचकांसाठी सांगते. खाली जाणाऱ्या प्रत्येकाने बोर्डवर स्वतःच्या नावाचा टॅग लावायचा आणि वर आला की स्वतःच्या हाताने काढायचा, दुसऱ्याने कुणी काढायचा नाही. शिफ्टच्या शेवटी ब्लास्ट असतो, पण बोर्डवर एक जरी टॅग लटकत असला तरी ब्लास्ट होत नाही. सगळी खाण थांबते, लाखो डॉलरचं काम थांबतं, आधी त्या माणसाचा पत्ता लागला पाहिजे. तो हे फार अभिमानाने सांगायचा, म्हणायचा बघ, आमच्याकडे माणूस हरवत नाही.

आणि वर? वर आल्यावर, बसमधून उतरल्यावर, त्या शेकडो एकसारख्या डब्यांपैकी एकाचं दार लावून घेतल्यावर पुढच्या पहाटेपर्यंत कुणीही कुणाला मोजत नाही. अकरा-बारा तास. ज्या कंपन्या जमिनीखाली एक माणूस मिनिटभर सापडला नाही तर रेडिओवर आरडाओरडा करतात त्यांना जमिनीवर तोच माणूस रात्रभर कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. प्रायव्हसी म्हणा. मला पण कळतं की मोठ्या माणसांच्या दारावर रात्री कुणी टकटक करत फिरणार नाही, आणि त्याला स्वतःला तर ते अजिबात आवडलं नसतं. पण सकाळी बस सुटताना एक जागा रिकामी दिसली तर? तेव्हापासून दार उघडेपर्यंत किती वेळ गेला? मेसच्या भिंतीवर हार्टला शॉक द्यायचा डिफिब्रिलेटर असतो, साइटवर पॅरामेडिक असतो, एअरस्ट्रिप आहे, फ्लाइंग डॉक्टरची विमानं १९२८ पासून याच कामासाठी उडतायत. डॉक्टर म्हणाले की कदाचित काहीच उपयोग झाला नसता. मी त्या "कदाचित"वर रोज झोपते.

कायदा कमी नाहीये इथे. मार्च २०२२ पासून नवा वर्क हेल्थ अँड सेफ्टी कायदा लागू झाला, त्यात इंडस्ट्रियल मॅनस्लॉटरला, म्हणजे मालकाच्या चुकीने कामावर जीव गेला तर, वीस वर्षांपर्यंत कैद आणि कंपनीला एक कोटी डॉलरपर्यंत दंड आहे. राहायला दिलेल्या खोलीची जबाबदारी पण कायद्यात आहे. त्याच्या आधी २०१५ मध्ये इथल्या विधानसभेच्या समितीने फ्लाय-इन-फ्लाय-आउट, म्हणजे विमानाने साइटवर ये-जा करणाऱ्या, कामगारांच्या मानसिक आरोग्यावर मोठा रिपोर्ट दिला, तोही काही जणांनी जीव दिल्यावर, मग २०१९ ला कोड ऑफ प्रॅक्टिस आला. सरकारनेच करून घेतलेल्या २०१८ च्या अभ्यासात निघालं की अशा कामगारांमधल्या साधारण तिघांतल्या एकाला जास्त मानसिक ताण आहे. म्हणजे सगळ्यांना सगळं माहितीय. पण या सगळ्या कागदांमध्ये माणूस जिवंत असेपर्यंतच घरच्यांचा उल्लेख येतो, त्यांच्याशी संपर्कात राहा, वायफाय चांगलं द्या वगैरे. तो मेल्यावर घरचे कुठे जातात ते मला त्यात सापडलं नाही. अपघात असता तर चौकशी झाली असती, इतर खाणींना सेफ्टी बुलेटिन गेलं असतं, निदान कुठल्यातरी दगडावर नाव कोरलं असतं. नैसर्गिक म्हटलं की काही नाही. त्याचा स्विंग, म्हणजे साइटवरची पाळी, तेवढा दुसऱ्याला दिला.

मला कळलं कसं ते पण सांगायला पाहिजे, कारण ते तुमच्यापैकीच कुणाकडून कळलं. पोलीस दारात यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "वहिनी खूप धक्का बसला, काही लागलं तर सांगा." मी उलट विचारलं, कसला धक्का? तिकडून टायपिंग, टायपिंग, मग बंद. मग ऑफलाइन. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला वाटलं असणार मला कळलंय. त्याने नंतर माफी मागितली, मी रडले, तोही रडला. पण त्यानंतर तो एक शब्द बोललेला नाही त्या दिवसाबद्दल. कारण सगळ्यांना ईमेल गेला होता की या विषयावर कुणी बाहेर बोलायचं नाही, कुटुंबाच्या प्रायव्हसीचा मान राखा, आणि खाली काऊन्सेलिंगचा फोन नंबर. कुटुंबाच्या म्हणजे माझ्याच ना? मग माझ्यापासूनच कसली प्रायव्हसी राखताय?

मी तिकडे जाऊन पण आले. धाकटा दीर भारतातून आला होता, तो म्हणाला वहिनी चला, आपण बघून तर येऊ. पर्थहून कालगुर्ली सहाशे किलोमीटर, रस्त्याच्या कडेने ती पाण्याची पाइपलाइन किती वेळ सोबत करते, १९०३ मध्ये पूर्ण झाली, त्याआधी इथे खारं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून ते पाणी प्यायचे आणि टायफॉइडने माणसं मरायची, कूलगार्डीच्या दफनभूमीत अशी कितीतरी तरुण मुलं आहेत, सोन्यासाठी कुठून कुठून आलेली. दीर मोबाइलवर हे सगळं वाचून दाखवत होता, मला बोलतं ठेवायला. कालगुर्लीहून पुढे मेंझीस, लिओनोरा, आणि मग लाल मातीचा रस्ता. साइटच्या गेटवर बूम, म्हणजे आडवा दांडा, खाली. तिथला माणूस फार चांगला वागला, पाणी दिलं, सावलीत बसवलं, दोन-तीन फोन केले, पण इंडक्शन, म्हणजे सेफ्टीची माहिती देणारं सेशन, झाल्याशिवाय आणि आधी परवानगी असल्याशिवाय आत जाता येत नाही. बरोबरच आहे, नियम आहे. आम्ही गेटपाशी उभे, माश्या नुसत्या तोंडावर, समोरून रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, गेली ती धूळ बसेपर्यंत काही दिसलं नाही, आणि धूळ बसल्यावर सुद्धा कॅम्प काही दिसला नाही, तो मागे टेकाडापलीकडे आहे म्हणे. दीराने मोबाइलमध्ये सॅटेलाइटचा फोटो उघडला आणि मोठा करून करून आम्ही ते पांढरे चौकोन बघितले. यातला कुठला?

परत येताना लिओनोराजवळ ग्वालियाला थांबलो. जुनी खाण, पुढे अमेरिकेचे प्रेसिडेंट झालेले हर्बर्ट हूव्हर १८९८ मध्ये तिथे मॅनेजर होते. १९६३ मध्ये खाण बंद पडली आणि काही आठवड्यांत गाव रिकामं झालं, नंतर खाण परत सुरू झाली पण गाव नाही. घरं अजून उभी आहेत, पत्रा आणि गोणपाटाच्या भिंती, एवढुशी चूल, कपाटाला कागद चिकटवलेला. लोक फोटो काढत होते, किती हाल असतील ना म्हणत होते. मला हेवा वाटला, खरं सांगते. त्या घरातली बाई चुलीपाशी उभी राहिली तरी तिला खाणीचा आवाज येत असेल. नवरा उशिरा आला तर ती पदर खोचून, पदर नसेल तिचा, पण काय म्हणतेय ते कळलं ना, ती बाहेर जाऊन विचारू शकत होती, माझा कुठेय?

आम्ही लग्नानंतर पहिली काही वर्षं कर्नाटकात हट्टीला होतो, रायचूर जिल्ह्यात, तिथेही सोन्याचीच खाण. कंपनीची कॉलनी, सगळ्यांना सगळ्यांच्या शिफ्ट पाठ, कुणाची मोटारसायकल वेळेवर आली नाही की शेजारीण दारात. तेव्हा मला त्या चौकश्यांचा वैताग यायचा. तिथेच राहायला हवं होतं असं नाही म्हणत, पैसा इकडे आहे आणि मुलांचं इकडे चांगलं झालं, यात शंका नाही. पण तिथे खाण आणि घर यांच्यात फक्त एक रस्ता होता. इथे विमान आहे. सहा दिवस घरी असलेला माणूस बाकीचे आठ दिवस कोण असतो, कसा राहतो, कुणाशी हसतो, हे आम्हा बायकांना तो सांगेल तेवढंच माहीत. तो गेला की त्याचं हे दुसरं अर्धं आयुष्य आमच्यासाठी कुलूपबंद, आणि किल्ली तुमच्या खिशात.

त्याचं सामान आलं. डफल बॅग, आणि एक खोका. हाय-व्हिज, म्हणजे लांबून उठून दिसणारे कामाचे, शर्ट कॅम्पच्या लाँड्रीत धुऊन घड्या घातलेले, म्हणजे त्याचा वास गेला, पण कुणीतरी चांगल्या मनानेच धुतले असणार. बूट वेगळ्या पिशवीत. त्याचं भिंग, जिऑलॉजिस्ट लोक गळ्यात घालतात ते. आणि मी दिलेली मेतकुटाची बाटली, अर्धी, झाकणावर आडवी-उभी चिकटपट्टी लावलेली, सांडू नये म्हणून. ती कुणी लावली? कंपनीच्या पॉलिसीत तर असं लिहिलेलं नसणार. कुणीतरी त्या खोलीत उभं राहून ती बाटली हातात घेतली, झाकण सैल आहे हे बघितलं, टेप शोधून आणली. मला त्या माणसाला भेटायचंय. मराठी असो, माओरी असो, कुणी पण असो. त्याने ती खोली बघितलीय.

तो गमतीत म्हणायचा, एक टन दगड फोडला की त्यातून तीन-चार ग्रॅम सोनं निघतं, तुझं मंगळसूत्र म्हणजे पाच-सहा टन दगड आहे गळ्यात. मी ते काढलेलं नाही, आणि यावर कुणी मला काही सुचवू नये.

तर तुमच्याकडून काय हवंय. जे त्याच्याबरोबर होते त्यांनी फोन करावा, नाव नका सांगू हवं तर, नंबर लपवून करा, मी विचारणार नाही. ईमेल आला म्हणून भीती वाटते हे मला समजतं, तुमच्यातल्या कित्येकांचा व्हिसा नोकरीला बांधलाय आणि बायकापोरांचा तुमच्या व्हिसाला. म्हणूनच कंपनी काय चुकली हे मला नका सांगू, तो काय जेवला ते सांगा. त्याने नोकरी जात नाही.

जे एचआरमध्ये, सेफ्टीत, कॅम्पच्या मॅनेजमेंटमध्ये आहेत त्यांना वेगळं सांगणं आहे. तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढा एक विषय काढा की कॅम्पवर कुणी गेलं, कशानेही जाऊदे, तर घरच्यांना एकदा साइटवर आणायचं. चार्टरच्या विमानात दोन सीट, एक व्हिजिटर इंडक्शन, बरोबर एक माणूस. इन्व्हेस्टर लोकांना, मंत्र्यांना टूर देता की, त्यांना हेल्मेट आणि चष्मे घालून फोटोसुद्धा काढता. आम्हाला फोटो नको. खोली दाखवा, मेसमधली त्याची नेहमीची जागा दाखवा. आणि सकाळी बसमध्ये जागा रिकामी राहिली तर कुणी, किती मिनिटांत, कुठल्या दारावर जायचं हे लिहून ठेवा, जसं खाली टॅग बोर्डचं लिहून ठेवलंय. आणि नेक्स्ट ऑफ किनला, म्हणजे घरच्या जवळच्या माणसाला, खबर पोहोचेपर्यंत कॅम्पमधल्या लोकांना स्पष्ट सांगा की मेसेज करू नका, नंतर कायमचं गप्प बसवण्यापेक्षा पहिले काही तास गप्प बसवा.

आणि बाकीच्या तुम्ही सगळ्यांनी, आज साइटवर असाल तर शेजारच्या डोंग्यात कोण राहतो त्याचं नाव विचारून घ्या. सकाळी निघताना त्याचे बूट दाराबाहेर तसेच दिसले तर बसवाल्याला दोन मिनिटं थांबवा, सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे.

सप्टेंबरमध्ये ऊन वाढायच्या आधी मी परत तिकडे येतेय, दीर नसेल, मोठी मुलगी असेल बरोबर. परवानगीचा अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. नाहीच मिळाली तर लिओनोरात दोन दिवस राहणार आहोत, ज्याला भेटायचं असेल त्याने तिथे या.

— पर्थची तुमची वहिनी